जागलीवर बसून भाषा बनवली: कशी बनवली ते पहिल्यापासून सांगतो

मागच्या हंगामात हरभऱ्याच्या जागलीवर, म्हणजे रात्रभर जागून पीक राखायला, मी अन् माझा भाचा, दोघंच. वावराच्या दोन टोकाला दोन मचाणी, मधात हरभरा आणि तुरीच्या ओळी, रात्री बारानंतर मोबाईलची रेंज गायब. पोट्टा म्हणे, "मामा, आपण आपली एक भाषा बनवू ना, डुक्कर आलं का त्याच भाषेत ओरडू, बाजूच्या वावरातल्याले काहीच समजलं नाही पाहिजे." मी हो म्हटलं आणि दोन महिने त्यातच गेले. आधी लय चुकलो, मग थोडं भाषाशास्त्र वाचलं, मग गाडी रुळावर आली. कोणाला कथेसाठी, गेमसाठी नाहीतर नुसत्या हौसेसाठी स्वतःची भाषा बनवायची असेल तर आमचा हिशोब कामी येईल म्हणून लिहून राहिलो.

आधी चूक सांगतो, कारण शंभरातले नव्वद लोक तीच करतात.

आम्ही काय केलं, दोनशे पानी वही घेतली, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे मनाला येईल तो नवीन शब्द. चारशे शब्द झाले. आठ दिवसांनी अर्धे विसरलो, आणि जे लक्षात राहिले ते बोलून पाहिले तर ती मराठीच निघाली, फक्त सदरा बदललेली. "लागणे" या एका शब्दानं आमचं भांडं फोडलं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, यष्टीत बसलं का गाडी लागते, अन् आमचं वावर नाल्याला लागून आहे. आता या सगळ्याला आम्ही एकच बनावट शब्द ठोकला होता. जगातल्या दुसऱ्या कोणत्या भाषेत हे सगळं एकाच शब्दात कशाला बसेल बाप्पा? शाळेत च ची भाषा बोलायचो ना आपण, "मला पाणी दे" चं "चलाम चाणीप चेद", तसलंच हे. ते कुलूप आहे, किल्ली माहीत असली का आत मराठीच सापडते. भाषा बनवायची म्हणजे मराठीनं तुमच्यासाठी जे परस्पर ठरवून टाकलेलं आहे ते एकेक काढून पाहायचं, आणि ठेवायचं का बदलायचं ते स्वतः ठरवायचं.

पहिलं काम: बोलणार कोण आणि कशासाठी

हे ठरवल्याशिवाय वही उघडूच नका. झामेनहॉफ नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये एस्परांतो काढली ती जगातल्या कोणालाही पटकन शिकता यावी म्हणून, त्यामुळे मूळ नियम फक्त १६, नाम आहे तर शेवटी ओ, विशेषण आहे तर आ, अपवाद नाही. मार्क ओक्रांडनं क्लिंगॉन बनवली ती स्टार ट्रेक सिनेमातल्या परग्रहावरच्या लढाऊ लोकांसाठी, म्हणून त्यानं मुद्दाम कर्म-क्रियापद-कर्ता असा जगात फार कमी सापडणारा क्रम घेतला. बाहुबलीतले ते कालकेय जी किलिकी बोलतात ती मदन कार्की या तमिळ गीतकारानं बनवली, ती ऐकणाऱ्याला भ्यावं वाटावी म्हणून. हेतू वेगळा का भाषा वेगळी होते.

आमचा हेतू साधा. रात्री, अंधारात, दोनशे मीटरवरून ओरडून समजलं पाहिजे. पुढचं सगळं यातूनच निघालं.

दुसरं काम: आवाज निवडा

इथं आपल्याकडे एक फुकटची संपत्ती आहे जी इंग्रजीवाल्या पोरांना वेगळी शिकावी लागते, ती म्हणजे आपली वर्णमाला. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, हे पाठ करताना कोणी सांगितलं नाही की हा तोंडाचा नकाशा आहे. क-वर्ग घशाकडे, च टाळूला, ट जीभ वळवून, त दाताला, प ओठाला, म्हणजे मागून पुढं येणारा रस्ता. आणि आडव्या ओळीत पहिला साधा, दुसऱ्यात हवा जास्त, तिसऱ्यात गळा थरथरतो, चौथ्यात दोन्ही, पाचवा नाकातून. गळ्यावर बोट ठेवून नुसता क आणि ग म्हणून पाहा, ग ला थरथर लागते. तोंडापुढं कागदाचा कपटा धरून क आणि ख म्हणा, ख ला कपटा जास्त हलते.

आता यातून निवडायचं कसं? पहिली गोष्ट, एकेक अक्षर उचलू नका, ओळ नाहीतर खांब उचला. खऱ्या भाषांत आवाज सहसा गटानं येतात, सगळीकडे हवेचे आवाज असतील नाहीतर कुठंच नसतील. दुसरी गोष्ट, अक्षर आणि आवाज यात फरक करा. मराठीत च हे अक्षर एक पण आवाज दोन, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. ज चं पण तेच, "जरा थांब" मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा म्हणून पाहा, फक्त त्या एका आवाजानं अर्थ बदलते. अर्थ बदलला म्हणजे ते दोन आवाज त्या भाषेसाठी वेगळे. तुमच्या भाषेत कोणते दोन आवाज वेगळे मोजायचे हे तुम्ही ठरवायचं, अक्षरं नंतर.

आम्ही प्रयोगच केला. भाचा तिकडच्या मचाणीवर, मी इकडं, आणि एकेक आवाज ओरडायचा. स आणि श पोचतच नाही. ते उंच पट्टीचे सरसरते आवाज आहेत, हवेतच विरतात. "संतोष" अशी हाक मारली तर पलीकडं "अंतोऽऽ" एवढंच येते. ह तर निव्वळ श्वास, तोही गेला. ख छ ठ थ गेले. पोचतात ते स्वर, नाकातले आवाज, ल-र-य-व, अन् गळा थरथरणारे. तशी कॅनरी बेटांतल्या ला गोमेरावरचे लोक दरीपलीकडं बोलायला शिट्टीची भाषा वापरतात, सिल्बो गोमेरो, युनेस्कोनं २००९ मध्ये तिला वारसा यादीत घेतलं, पण आमच्यातल्या कोणालेच धड शिट्टी येत नाही म्हणून आम्ही आवाजावरच राहिलो.

शेवटी व्यंजनं नऊ ठेवली: म न ल र य व ब द ग. स्वर पाच, सगळे लांब: आ ई ऊ ए ओ. चौदा आवाज. कमी वाटतात? तोकी पोना नावाची २००१ मधली बनावट भाषा आहे, तिच्यातही नऊ व्यंजनं आणि पाच स्वरच आहेत आणि लोक ती बोलतात.

तिसरं काम: आवाज जोडायचे कसे

हे बहुतेक जण सोडून देतात आणि मग शब्द एका भाषेतले वाटत नाहीत, एक जपानीसारखा वाटते तर एक रशियन. म्हणून एका अवयवात, म्हणजे एका झटक्यात म्हणता येणाऱ्या शब्दाच्या तुकड्यात, काय चालेल ते पक्कं करा. आमचा नियम: एक व्यंजन, एक स्वर, आणि हवा असेल तर शेवटी न. बस. जोडाक्षर नाही, स्वरानं सुरुवात नाही.

मग मोजा. ९ गुणिले ५ म्हणजे ४५ अवयव, न लावलेले आणखी ४५, एकूण ९०. दोन अवयवी शब्द ९० गुणिले ९०, म्हणजे ८१००. दोन जणांच्या भाषेला सात पिढ्या पुरते.

जोर कुठं द्यायचा तेही इथंच ठरवा. आपण हाक मारताना शेवट ताणतो, "मामाऽऽऽ", म्हणून आमचा जोर नेहमी शेवटच्या अवयवावर.

चौथं काम: व्याकरण, आणि यासाठी आधी आजूबाजूला कान द्या

पुस्तकं नंतर वाचा. विदर्भात राहणाऱ्याला हे शिकायला दूर जायची गरजच नाही. मराठी आहे, ती संस्कृताच्या घराण्यातली. गडचिरोली-चंद्रपूरकडं गोंडी, यवतमाळकडं कोलामी, या दोन्ही द्राविडी, तेलुगूच्या नात्यातल्या. मेळघाटात कोरकू, तिचे भाऊबंद मुंडारी-संताली तिकडं झारखंडात. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात निहाली, जी कोणत्याच भाषाकुळात बसत नाही, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. एवढ्याशा पट्ट्यात इतक्या तऱ्हेनं डोकं चालवणाऱ्या भाषा आहेत, अन् आपण म्हणतो आमच्याकडं काही नाही.

याचा उपयोग असा. लिंग घ्या. मराठीत तो-ती-ते, आणि दगड तो काहून अन् काठी ती काहून याला उत्तर नाही. गोंडीत माणसांतले पुरुष एका बाजूला, आणि बाई, बैल, झाड, दगड सगळे दुसऱ्या. कोरकूत सजीव आणि निर्जीव. म्हणजे जगाचे गट पाडायचेच असतील तर कसेही पाडता येतात. आम्ही जागलवाल्यांचे गट पाडले: पीक खाणारे आणि न खाणारे. खाणाऱ्यासाठी "गू", बाकी सगळ्यासाठी "वा". (हो, गू. आम्हीही हसलो. पण डुकरासाठी शोभते म्हणून ठेवला.) मजा म्हणजे आपलीच गाय दावणीला आहे तोवर "वा", दावं तोडून हरभऱ्यात शिरली का "गू". आमच्या दोघांत अजून यावर वाद आहे, गाय शेजाऱ्याच्या वावरात शिरली तर काय.

वचन. शाळेत संस्कृतात द्विवचन पाठ करताना वैताग यायचा, पण कोरकूत द्विवचन आजही रोजच्या बोलण्यात आहे. जागलीवर एक रोही (नीलगाय), जोडी आणि कळप यात जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून आम्ही तिन्ही घेतले. एकाला काही नाही, दोघांना "बी", जास्तीला "गो". एक ध्यानात ठेवा, जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये ३० भाषा तपासून ४५ नियम मांडले, त्यात एक असा की द्विवचन आहे आणि अनेकवचन नाही अशी भाषा सापडत नाही. भाषा खरी वाटायला पाहिजे असेल तर असे नियम पाळा, मोडायचे तर माहीत असून मोडा.

शब्दांचा क्रम. मराठी कर्ता-कर्म-क्रियापद, जगातल्या बहुतेक भाषा हा क्रम नाहीतर इंग्रजीचा क्रम वापरतात. पण घाईच्या वेळी आपण काय ओरडतो? "आला रे आला, रोही आला!" क्रियापद आधी. मग आम्ही क्रियापदच पहिलं घेतलं. ते घेतलं का पुढच्या दोन-तीन गोष्टी आपोआप ठरतात, ग्रीनबर्गच्या नियमानं अशा भाषेत "मध्ये, वर" हे शब्द नामाच्या आधी येतात आणि विशेषण बहुतेक करून नामाच्या मागं. "मोठं डुक्कर" नाही, "डुक्कर मोठं".

आम्ही आणि आपण हा फरक मराठीत आहे, हिंदी-इंग्रजीत तसा नाही, आणि तो सोडायची माझी तयारी नव्हती. मी "नी", तू "बो", तर आपण म्हणजे "नीबो". ही युक्ती टोक पिसिन भाषेतून उचलली, पापुआ न्यू गिनीतली, तिथं तू आणि मी जोडून "युमी" म्हणजे आपण. आम्ही, म्हणजे तुला सोडून, हा शब्द कसा आला ते पुढं सांगतो.

सगळ्यात भारी भाग: तुले कसं समजलं?

एका रात्री भाच्यानं ओरडून सांगितलं, दोन डुकरं तुरीत. मी बॅटरी घेऊन धावलो, चिखलात पडलो, गुडघा सोलला, पाहतो तर काहीच नाही. "पाहिले का तू?" तर म्हणे, "नाही मामा, खसखस वाजलं." आता ही माहिती आधी नाही सांगायची का?

तर अशा भाषा आहेत ज्यात ही माहिती क्रियापदाला जोडावीच लागते. तुर्कीत "मिश" असा प्रत्यय लागला का समजायचं की बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलं नाही, ऐकलं नाहीतर अंदाज केला. दक्षिण अमेरिकेतल्या काही भाषांत असे चार-पाच प्रकार आहेत. मराठीत आपण "म्हणे" जोडतो, "त्याचं लगीन जमलं म्हणे", पण ते मर्जीवर आहे. आम्ही सक्तीचं केलं. डोळ्यानं पाहिलं तर "मा", चाहूल ऐकली तर "रू", दुसऱ्यानं सांगितलं तर "ले". प्रत्यय न लावता क्रियापद बोलायचंच नाही.

आता एक वाक्य उघडून दाखवतो. येणे म्हणजे "वोमे", डुक्कर "दून", मध्ये "ली", तूर "रूमो".

वोमेरू दूनबी ली रूमो.

वोमे-रू, आली पण चाहूलच ऐकली. दून-बी, डुकरं दोन. ली रूमो, तुरीत. म्हणजे "तुरीत दोन डुकरं शिरल्यासारखी वाटून राहिली, पाहिली नाही". चार शब्द, आणि गुडघा वाचते. प्रश्न करायचा तर पुढं "दे": "दे वोमेमा दूनगो?" म्हणजे बरीच डुकरं आली काय, आणि तू डोळ्यानं पाहिली काय. प्रश्नात तो प्रत्यय ऐकणाऱ्याच्या डोळ्याकानाचा होते, माझ्या नाही, हे आम्ही ठरवलं नव्हतं, वापरताना आपोआप तसं झालं. नंतर वाचलं तर खऱ्या भाषांतही असं होते.

पाचवं काम: शब्द

आता वही उघडा. शंभर शब्दांनी सुरुवात करा: अंगाचे भाग, नाती, पाणी-आग-माती, येणे-जाणे-खाणे. जे रोज लागते ते आखूड ठेवा, कोणत्याही भाषेत जास्त वापरातले शब्द छोटेच असतात. म्हणून डुक्कर एका अवयवात आणि सावकार तीन अवयवांत.

प्रत्येक शब्दापुढं मराठी अर्थ एका शब्दात लिहू नका, वाक्यात लिहा, नाहीतर पुन्हा तोच सदरा. अन् गट वेगळे पाडा. आपण पावसाला झड म्हणतो, सर म्हणतो, भुरभुर म्हणतो. जमिनीला काळी, बरड, मुरमाड. आमच्या भाषेत पावसाला एकच शब्द आहे पण अंधाराला चार, चांदणं असलेला, ढगाचा, धुक्याचा, आणि पहाटेच्या आधीचा ज्यात डुकरं हमखास येतात.

एकेक शब्द पाडत बसण्यापेक्षा जोडून बनवा. एस्परांतोत बोना म्हणजे चांगला, पुढं माल लावलं का मालबोना वाईट, एका तुकड्यानं शेकडो शब्द अर्ध्या कष्टात. आमच्याकडं "वेन" लावलं का जागा होते, रूमोवेन म्हणजे तुरीचं वावर.

आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. तुरीसाठी मी आधी "मोरी" केला होता. भाचा पोट धरून हसला, "मामा, डुकरं मोरीत शिरली म्हणा ना." मग "मूले" केला, तर तो म्हणे आता लेकरं झाली. रूमो हा तिसरा.

सहावं काम: भाषा जुनी करा

नवी भाषा फार गुळगुळीत असते, त्यावरून समजते की टेबलावर बनवली. खऱ्या भाषा झिजलेल्या असतात. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया झाला, काळ्याचा काया झाला, जिथं ळ तिथं य. तसंच फार आधी राजाचा राया झाला, सूचीची सुई झाली, नगरचं प्राकृतात नयर झालं. दोन स्वरांच्या मधात सापडलेलं व्यंजन मऊ होते नाहीतर गळून जाते, हा जगभरचा रिवाज.

म्हणून आम्ही समजा दोनशे वर्षं गेली असं धरून एकच नियम लावला: दोन स्वरांच्या मधातला ग य होणार. नियम सरसकट लावायचा, आवडता शब्द आहे म्हणून सोडायचा नाही. बघा काय झालं. डुक्कर "दून", त्याचं अनेकवचन "दूनगो", न मध्ये आहे म्हणून ग वाचला. पण रोही "लेबा", त्याचं "लेबागो" न राहता "लेबायो" झालं. आणि मी "नी", त्याचं अनेकवचन "नीगो" चं झालं "नीयो", हाच आमचा आम्ही. नवख्याला वाटते अनेकवचनाचे दोन प्रत्यय आहेत काहून, पण त्यामागं कारण आहे. असे दोन-तीन नियम एकामागून एक लावले का भाषेला आपोआप वय येते. लावण्याआधी वहीत जुनं रूप वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा, आम्ही नव्हतं लिहिलं, मग एक अख्खा रविवार उलटं शोधण्यात गेला.

लिपीचं काम सगळ्यात शेवटी. लोक तिथूनच सुरू करतात कारण चित्रं काढायला मजा येते. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी बनवली, आज ती युनिकोडमध्ये आहे, पण ती बनली तेव्हा गोंडी बोलणारे आधीपासून होते. आधी बोला. आम्ही देवनागरीतच लिहून राहिलो, काही अडत नाही.

मग रोज वापरा, नाहीतर वही वहीच राहते. आमचा नियम होता, मचाणीवर चढल्यापासून उतरेपर्यंत मराठी बंद, शब्द नसला तर तिथंच पाडायचा आणि सकाळी चहासोबत वहीत चढवायचा. पहिले तीन दिवस जवळपास गप्पच गेले. महिनाभरात साडेतीनशे शब्द झाले, सगळे कामाचे.

हरभरा निघायच्या आठवड्यात एक गोष्ट झाली. पोट्टा ओरडला, "वोरू दूनगो!" मी म्हटलं हे काय, वोमेरू म्हण. तर म्हणे एवढं लांब कोण म्हणते मामा, तोवर डुक्कर हरभरा खाऊन घरी जाते. मी दोन दिवस टोकलं. तिसऱ्या रात्री माझ्याच तोंडून "वोरू" निघालं. आता वहीत वोमेरूपुढं "जुनं रूप" असं लिहिलं आहे, आणि "वोमा", "वोले" पण लागतील का यावर बोलणं चालू आहे.